मोहरीएवढ्या ठिपक्यात वीस आज्या

मी एक जुना ठिपका आहे. हसू नका, ठिपकेही जुने होतात. माझा जन्म एका छापील कागदावर झाला. दवाखान्यात म्हाताऱ्या बायकांच्या वॉर्डात तो भिंतीला चिकटवला होता. त्यावर आडवे खाटांचे नंबर आणि उभे दिवसाचे तास. कोणी बाई पडली, की त्या खाटेवर, त्या तासाला एक ठिपका. माझा पत्ता होता खाट सात, सकाळचे सहा.

मित्रांनो, त्या खाटेशेजारी बाथरूमचा उंबरा आहे आणि सहाला फरशी ओली असते. तिथे वर्षभरात एकोणीस जणी पडल्या. पण कॉम्प्युटरने एकोणीस ठिपके बरोबर एकावर एक ठेवले. दिसायला मी एकटाच, मोहरीएवढा. शेजारच्या ठिपक्याच्या नावावर अख्ख्या वर्षात एक पडझड, आणि तो माझ्या बरोबरीने ऐटीत बसलेला. सांगा, चीड येणार नाही तर काय?

सिस्टरने उंबऱ्याशी धरायला दांडी मागितली. मंजुरी देणारे साहेब आले, कागद बघून म्हणाले, "अहो सिस्टर, सगळीकडे सारख्याच पडतायत. वॉर्डभर दांड्या लावू का?"

"साहेब, पडलेल्यांना उचलते मी. कुठे पडतात ते मला विचारा ना," सिस्टर म्हणाली. साहेब निघालेसुद्धा. मी आतल्या आत धुमसत राहिलो. ठिपक्याला तोंड कुठे असतं?

त्याच आठवड्यात तिथेच, सकाळी सहाला, विसावी आजी पडली. मनगट मोडलं, तरी वर म्हणते कशी, "पोरी, माझ्यामुळे तुझं काम वाढलं गं."

सिस्टर तडक हा कागद काढणाऱ्या आकडेवाल्या भाऊंकडे गेली. "जिथे जास्त जणी पडल्या, तिथला ठिपका मोठा काढा."

भाऊंनी उत्साहाच्या भरात मला वीस पट रुंद केलं. आता रुंदी वीस पट झाली, की गोल ठिपक्याची उंचीही वीस पट होते आणि तो कागदावर चारशे पट जागा खातो. मी शेजारच्या चार खाटा गिळून बसलो. साहेबांनी विचारलं, "शाई सांडली का इथे?" मला कुठे लपू असं झालं, पण लपायला जागाच उरली नव्हती.

भाऊंनी जीभ चावली. मग मला नेमकी वीस ठिपक्यांची जागा दिली आणि केवढा ठिपका म्हणजे किती जणी, तेही खाली लिहिलं. या खेपेला साहेबांनी खालची ओळ वाचली आणि माझ्यावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "सुताराला बोलवा."

आता मी कपाटात घडी होऊन पडलोय. मित्रांनो, एवढंच करा: सारखे ठिपके दिसले, की विचारा, "बाबा रे, तुझ्याखाली किती जण आहेत?"

भिंतीवर नवा कागद आहे. सात नंबरच्या खाटेवर, सहाच्या ओळीत, अजून काहीच उमटलेलं नाही. ती कोरी जागा तशीच राहो. माझा वारस मला नको.