फेरतपासणीचा डबा

धाकटी जाऊ घरात आली तेव्हा थोरलीचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते ती नोकरीत आल्यावर. आणि तिला नोकरीला लावली कुणी? थोरलीनंच. ‘घरात बसून काय करतेस, चल माझ्याबरोबर,’ म्हणत हाताला धरून नेली, शेजारी बसवली, शिकवली. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

दोघी एका तपासणी केंद्रात काचा वाचायच्या. गर्भाशयाच्या तोंडाशी कर्करोग होण्याच्या कितीतरी वर्षं आधी तिथल्या पेशी बिघडायला लागतात. बाईला काही दुखत नाही, काही कळत नाही. नर्स मऊ ब्रशनं तिथल्या थोड्या पेशी घेते, काचपट्टीवर पसरते, पट्टीला रंग चढवला जातो आणि मग ती थोरलीच्या सूक्ष्मदर्शकाखाली येते. हजारो चांगल्या पेशींत दहा बिघडलेल्या असतात, कधी पाचच. शेत नांगरावं तशी काच वरून खाली, खालून वर पाहत जायची. बिघडलेली पेशी दिसली की शेजारी शाईचा ठिपका द्यायचा. ठिपका नसला तर ती बाई निर्दोष म्हणून घरी जाते, आणि परत येते ती तीन वर्षांनी.

बावीस वर्षं थोरली हे करत होती. केंद्राच्या डॉक्टरबाई तिला घार म्हणायच्या. परवापरवापर्यंत म्हणायच्या. आता त्या दारातूनच हाक मारायच्या, “आमची धाकटी घार कुठंय? ही काच जरा बघ गं.” थोरली तिथंच बसलेली असायची, दोन हातांच्या अंतरावर. मोठी घार मेली की काय, असं एकदा विचारावं असं तिच्या फार मनात यायचं.

घरीही तेच. सासूबाई आठवड्याचे चार दिवस वरच्या मजल्यावर थोरलीकडे आणि तीन दिवस खाली धाकटीकडे असायच्या. वर आल्या की खालचं कौतुक सुरू. “काल म्हणे तिनं अशी काच धरली की डॉक्टरबाईसुद्धा थक्क झाल्या!” थोरली भाजीत मीठ घालायची आणि बोलण्याच्या नादात पुन्हा घालायची. मग त्यावरही सासूबाईंचं एक वाक्य असायचंच.

त्यात महिनाअखेरीला मुख्य तपासनीसाची जागा रिकामी होणार होती. नाव सोमवारी जाहीर व्हायचं होतं. बावीस वर्षांनंतर ती खुर्ची थोरलीला हवी होती, आणि त्याहूनही जास्त, ती धाकटीला मिळायला नको होती. लपवण्यात काय अर्थ आहे?

थोरलीच्या हातात एकच गोष्ट होती, फेरतपासणी. निर्दोष ठरलेल्या दर दहा काचांतली एक दुसऱ्या कुणीतरी पुन्हा बघायची असा तिथला नियम. धाकटीच्या काचांचा डबा थोरलीकडे यायचा. थोरलीच्या काचांचा डबा खुद्द डॉक्टरबाईंकडे जायचा, आणि त्या तो वरवर चाळायच्या. इतक्या वर्षांचा विश्वास होता. काचेवर नुसता नंबर असे. पहिल्यांदा कुणी वाचली ते नोंदवहीत.

सहा महिने थोरलीनं धाकटीच्या काचा अशा तपासल्या की सासूनं सुनेचं माहेरही तसं तपासलं नसेल. एक चूक सापडली नाही. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे तिच्या बाबतीत अगदी शब्दशः खरं होतं. वाकून वाकून मान आखडली होती.

त्या शुक्रवारी डॉक्टरबाई रजेवर होत्या. फळीवर डबा ठेवलेला होता. थोरलीनं तो उचलला, खुर्ची पुढे ओढली आणि बसली. हा शेवटचा शुक्रवार. आज नाही तर कधीच नाही.

चौदाव्या काचेच्या अगदी कडेला, जिथं घाईत असलेला माणूस जातच नाही, तिथं त्या होत्या. आठ पेशी, एकमेकींना बिलगलेल्या. केंद्रक फुगलेलं, काळपट, कडा चुरगळलेल्या. थोरलीनं भिंग बदललं. पुन्हा पाहिलं. शंकाच नव्हती.

ती हसली. एकटीच, मोठ्यानं. “सापडलीस गं बये!” असं म्हणालीसुद्धा. ठिपके दिले, एक जास्तच दिला. कागद पुढे ओढून नंबर लिहिला, निष्कर्ष लिहिला आणि ‘प्रथम वाचन’ या रकान्यात धाकटीचं नाव लिहिण्यापूर्वी, सगळं कसं रीतसर असावं म्हणून, नोंदवही उघडली.

त्या नंबरासमोर तिची स्वतःची सही होती.

तिनं नंबर तीनदा ताडून पाहिला. मग डबा फिरवून झाकणावरची चिठ्ठी वाचली. डॉक्टरबाईंकडे जायचा डबा होता, तिचाच. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. त्या दुपारचं तिला लख्ख आठवलं. पलीकडच्या खोलीत डॉक्टरबाई आणि धाकटी कशावरून तरी खिदळत होत्या, आणि थोरलीचे डोळे काचेवर असले तरी कान भिंतीला चिकटलेले होते.

खोलीत कुणी नव्हतं. स्पिरिटचा बोळा समोरच होता. ठिपके पुसायला किती वेळ लागतो? कायमचे नाही पुसायचे, तेवढी पापी ती नव्हती. फक्त सोमवार जाऊ द्यायचा. मग पुढच्या आठवड्यात ‘सापडली’ म्हणता येईल. या पेशींचा कर्करोग व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आठ दिवसांनी काय होणार? यात खोटं असं काहीच नव्हतं, आणि तेच वाईट होतं.

तिनं बोळा उचलला. नोंदवहीत त्या बाईबद्दल एवढंच होतं: वय एकेचाळीस, दोन मुलं, तक्रार काही नाही. या बाईच्या पोटात काय शिजतंय ते तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस ते बघून हसलं होतं. थोरलीला एकदम स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. तिनं बोळा टाकला आणि रकान्यात आपलं नाव लिहिलं. अक्षर वाईट आलं.

सोमवारी डॉक्टरबाईंनी कागद वाचला. “सापडली कुणाला?”

“मला.”

“आणि सुटली कुणाच्या हातून?”

“माझ्याच.”

 डॉक्टरबाईंनी त्या बाईला तातडीनं बोलावून घ्यायला सांगितलं, आणि दुपारी खुर्ची धाकटीला दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. थोरलीनंही वाजवल्या, पण जळायची ती जळलीच. शरमेनं हेवा जातो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

संध्याकाळी सगळे गेल्यावर धाकटी ती काच लावून बसली. खूप वेळ बसली.

“ताई, अगदी कडेला आहे हो. मला नसती दिसली.”

हेच ऐकायला थोरली सहा महिने झुरली होती. आता ऐकलं तर गोड लागेना.

“दिसली असती,” ती म्हणाली. “मला वाटलं डबा तुझा आहे. तुझी चूक धरायला बसले होते मी. म्हणून दिसली.”

धाकटीनं मान वर केली नाही. थोरलीला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर घरी जाऊन सासूबाईंना सांगणार.

“ठाऊक आहे मला,” धाकटी म्हणाली. “म्हणून तर मी प्रत्येक काच दोनदा बघते. तुमच्या हाती सापडू नये म्हणून.” तिनं काच काढून ट्रेमध्ये ठेवली. “आणि मला काय वाटत असेल? घरीदारी ऐकतेय, थोरलीसारखी नजर नाही, थोरलीसारखं काम नाही. सासूबाई खाली आल्या की तुमच्याशिवाय दुसरं बोलत नाहीत. बावीस वर्षांत तुमची एकच चूक सापडली, आणि तीही तुम्हीच धरलीत. तेवढंही सुख तुम्ही मला मिळू दिलं नाही.”

धाकटीनं सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला.

“उद्यापासून तुमचा डबा डॉक्टरबाईंकडे जाणार नाही,” नवी मुख्य तपासनीस म्हणाली. “माझ्याकडे येईल.”