माहं तोंड मले वापस पायजे

हिरा बावनकरचा चेहरा आधी लोकांच्या मोबाइलवर आला, मग पेपरात, आणि शेवटी भिलाईत, सुपेल्याच्या चौकात, दुमजली घराएवढ्या फलकावर. अंगात कारखान्याचा निळा कोट, हातात रंगीत तारांची जुडी, डोळ्यांत पाणी. खाली हिंदीत मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘वायुरथ सिर्फ़ गाड़ी नहीं, मेरा घर है।’

हे वाक्य हिराचं नव्हतं. डोळ्यांतलं पाणीही शूटिंगच्या दिव्यांमुळे आलेलं. पण तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही. कारखाना वाचत असेल तर डोळ्यांत पाणी दिसलं म्हणून काय बिघडलं?

वायुरथ मोटर्स ही कार बनवणारी कंपनी. तिचा मोठा कारखाना दूर परराज्यात. भिलाईत, हथखोजच्या बाजूला, फक्त एक युनिट होतं. गाडीच्या अंगातून फिरणाऱ्या तारा तिथं कापायच्या, लांब फळीवर मांडायच्या आणि टेप गुंडाळून त्यांची जुडी बांधायची. त्या जुडीला हार्नेस म्हणतात. हे काम जवळजवळ सगळं बायकांचं. हिरा तिथं हेल्पर म्हणून लागली होती आणि आता एका लाइनची सुपरवायझर होती. नवरा धर्मेंद्र दुर्गला रेल्वेत, मुलगी निशा कॉलेजात, सासरे शामराव रेल्वेतूनच निवृत्त झालेले, मूळचे तुमसरकडचे. घर कोहक्याला.

वायुरथच्या मालकांनी परदेशातली एक मोडकळीला आलेली कंपनी हौसेनं विकत घेतली आणि ती त्यांच्या अंगाशी आली. मग अशी एक महागडी गाडी काढली की ती शोरूममधून हलेचना. कर्जाचे हप्ते थकले तेव्हा मालक सरकारच्या दारात जाऊन उभे राहिले: आम्हाला वाचवा, आमच्यामागं हजारो घरं आहेत.

त्या हजारो घरांपैकी एखादं दाखवायचं होतं. त्यासाठी मुख्य ऑफिसातून कौस्तुभ नावाचा तरुण अधिकारी कॅमेरेवाल्यांना घेऊन भिलाईला आला. पुण्याचा होता. हिरा मराठी आहे हे कळल्यावर तो मराठीतच बोलायला लागला आणि तिला फार बरं वाटलं. भिलाईत मराठी म्हणजे घरातल्या घरात बोलायची भाषा. साहेबाच्या तोंडून ती ऐकायला मिळत नसे.

“हिराताई, आम्ही कितीही आकडे दाखवले तरी सरकारला काही वाटत नाही,” कौस्तुभ म्हणाला. “तुमच्यासारखं माणूस बोललं की वाटतं.”

“बोलतो ना सर. पण मले एक सांगा, पैसा भेटल्यावर आमचं युनिट राहीन ना?”

“राहील म्हणजे? त्यासाठीच तर हे सगळं.”

“नाई, तुमी मले सरळ सांगा. इथल्या बाया मले इचारतीन.”

“शब्द देतो ताई. भिलाई युनिटला धक्का लागणार नाही.”

हिरानं तो शब्द जसाच्या तसा लाइनवरच्या प्रत्येकीला पोचवला.

घरात शामरावांना हे पटलं नव्हतं. “त्यायनं गाडी बनवली, लोकायनं घेतली नाई,” ते म्हणाले. “यात सरकारनं पैसा कावून द्यावा? ह्या धर्मेंद्रच्या पगारातून दर महिन्याले टॅक्स कटते, तो काय मालकाची हौस फेडाले कटते?”

“मामाजी, मालकासाठी नाई देऊन राहिले. आमच्यासाठी देऊन राहिले.”

“तुले कोनं सांगतलं?”

हिराकडं उत्तर होतं. साहेबानं स्वतः सांगितलं होतं. किराणा दुकानात एका निवृत्त बाबूनं तिला फलकावरची बाई म्हणून ओळखलं आणि हाच प्रश्न विचारला, तेव्हाही ती तावातावानं भांडली. आमची चूल पेटते ती तुम्हाला खुपते का, असं ऐकवून आली. बाबू बिचारा साखर घेऊन निमूट निघून गेला.

सरकारनं पैसा मंजूर केला. त्या दिवशी युनिटात पेढे वाटले. टीव्हीवर मंत्र्यांच्या मागं हिराचाच चेहरा झळकत होता.

त्याच आठवड्यात तिच्या लाइनवरची राधाबाई तिच्याकडं आली. राधाबाई अहिवाऱ्याजवळच्या गावाहून रोज बसनं यायची, वयानं हिरापेक्षा मोठी, नवरा नसलेली. गावातल्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा तिला मिळत होती. पगार कमी, पण जागा घराजवळची आणि सरकारी. काय करू, म्हणून विचारायला आली होती.

“मत जाओ दीदी,” हिरा म्हणाली. “अब तो सरकार पीछे खड़ी है. यहाँ कुछ नहीं होगा.”

राधाबाईनं ती जागा सोडली. गावातल्या दुसऱ्या बाईला मिळाली.

पावसाळा सरता सरता बातमी आली की वायुरथ दक्षिणेतल्या एका मोठ्या कार कंपनीत विलीन होणार. कौस्तुभनं फोनवर सांगितलं, उलट चांगलं झालं ताई, दोन कंपन्यांची ताकद एक होईल. मग मशीनच्या देखभालीसाठी म्हणून सगळ्या बायकांना चार दिवसांची पगारी सुट्टी दिली. सुट्टीच्या दुसऱ्याच सकाळी राधाबाईचा फोन आला. ती कामासाठी दुर्गला निघाली होती आणि बसच्या खिडकीतून तिनं पाहिलं होतं: युनिटच्या गेटमध्ये ट्रेलर उभे होते आणि क्रेननं मशीन उचलून त्यांच्यावर चढवत होते.

“देखभाल नोहय, हिरा,” ती छत्तीसगढीत ओरडून म्हणाली. “लेगत हें! सब लेगत हें!”

हिरानं हातातली कणीक तशीच टाकली. निशाला स्कूटर काढायला लावून ती मागं बसली आणि वाटेत एकेकीला फोन करत राहिली. ती पोचली तेव्हा गेटवर पंधरा-वीस बायका जमल्या होत्या आणि आणखी येत होत्या. आत, तिच्या लाइनची लांब फळी दोरखंडांनी आवळून ट्रेलरवर उभी केली होती. क्रेनजवळ कौस्तुभ डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून उभा होता.

“सर, हे काय चालून राहिलं?”

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यानं तिला बाजूला घेतलं. “हिराताई, मी तुम्हाला सांगणारच होतो. विलीनीकरणानंतर दोन हार्नेस युनिट ठेवणं परवडत नाही. त्यांचं तिकडं मोठं आहे. वरचा निर्णय आहे, माझ्या हातात काही नाही.”

“आन् सरकारचा पैसा? तो नोकऱ्या वाचवाले दिला ना?”

“सरकारची अट एकूण कंपनीच्या नोकऱ्यांची आहे, एका युनिटची नाही. तिकडं भरती होईल, म्हणजे आकडा तोच राहतो. कायद्यानं सगळं बरोबर आहे.”

“कायदा नका सांगू मले. तुमी शब्द देला होता.”

“तेव्हाची परिस्थिती वेगळी होती ताई.” त्यानं आवाज आणखी खाली आणला. “तुमच्याबद्दल मी वर बोललोय. तुमचा चेहरा लोकांच्या लक्षात राहिलाय. तिकडं तुम्हाला घ्यायला तयार आहेत. राहायला क्वार्टर मिळेल, मुलीच्या कॉलेजचंही बघू. फक्त आत्ता या बायकांना समजावून घरी पाठवा. तुमचं ऐकतात त्या.”

हिरानं मागं वळून पाहिलं. राधाबाई अगदी पाठीशी येऊन उभी होती. मराठी तिला पुरती येत नव्हती, पण क्वार्टर आणि कॉलेज हे शब्द कळायला मराठी लागत नाही.

“तोर तो बन गे,” राधाबाई म्हणाली. “मोर का होही? तोर बात मान के मैं अंगनबाड़ी छोड़ेंव.” आणि ती हिराच्या पायाशी थुंकली.

त्या थुंकीचा राग तिला आला नाही. राग आला तो समोरच्या गुळगुळीत दाढीच्या पोराचा, जो आत्ता या घडीलाही तिला वापरू पाहत होता. आधी सरकारकडून पैसा काढायला, आता बायकांना घरी घालवायला.

“तुले लाज नाई वाटत?” ती इतक्या मोठ्यानं ओरडली की क्रेनवाल्यानं क्रेन थांबवली. “माहं तोंड दाखवून भीक मागतली. माह्या तोंडानं ह्या बायायले झूठ सांगतलं. आन् आता मले इकत घेऊन राहिला? तुह्या त्या क्वार्टरले आग लाव!”

मग ती चालत जाऊन पहिल्या ट्रेलरच्या पुढच्या चाकासमोर रस्त्यावर बसली. नंतर एक आली, दोघी आल्या, आणि बघता बघता गेट भरून गेलं. राधाबाईही बसली, पण हिरापासून लांब, पार दुसऱ्या टोकाला, तोंड फिरवून.

दुपारी धर्मेंद्र ड्यूटी संपवून डबे घेऊन आला. शामराव काठी टेकत आले आणि फाटकाच्या सावलीत फतकल मारून बसले. ‘मी सांगतलं होतं’ असं ते एकदाही म्हणाले नाहीत. हिरालाच राहवलं नाही.

“मामाजी, तुमचं बराबर होतं. दुकानातल्या त्या बाबूचंबी बराबर होतं. मी त्याले किती बोलली.”

“तू कावून सरमून राहिली?” म्हातारा खवळून म्हणाला. “ज्यायनं फसवलं ते एसीत बसून आहे. त्यायले सरमू दे.”

“मम्मी, वीडियो बनाते हैं,” निशा म्हणाली. “त्यांनी तुझा बनवला ना? आता आपण बनवू. जो बोलना है बोल, मी काहीच कट नाही करणार.”

डब्यांबरोबर घरून आलेला तोच निळा कोट घालून, ट्रेलरच्या चाकाला पाठ लावून हिरा बोलली. हिंदीत सुरुवात केली आणि रागाच्या भरात मराठीवर कधी आली ते तिचं तिलाही कळलं नाही. “चौकात लावलेली बाई मीच होय. माहं तोंड पाहून तुमी पैसा देला. तुमच्या पगारातून देला, पेन्शनीतून देला, चहापत्तीवरच्या टॅक्सातून देला. पन तो आमच्यापर्यंत आला नाई. हे पाहा मागं, आमच्या मशीनी घेऊन चालले. म्या तुमाले फसवलं नाई, मले फसवलं. ते घर-बिर मी बोललीच नव्हती. आता माहं तोंड मले वापस पायजे. माह्या तोंडावर यापुढं एक रुपया मागू नका.”

व्हिडिओ पसरला. संध्याकाळपर्यंत पत्रकार आले, दोन पक्षांचे पुढारी येऊन फोटो काढून गेले. दुसऱ्या दिवशी तहसीलदार आले, चौकशी होईल म्हणाले. तिसऱ्या दिवशी पहाटे महिला पोलिसांची गाडी आली. एकेकीला दोन्ही दंडांना धरून उचललं आणि बसमध्ये बसवलं. हिराच्या कोटाची बाही खांद्यापासून उसवली. बसच्या जाळीतून तिनं ट्रेलर बाहेर पडताना पाहिले. तिची फळी वळणावर थोडी कलली आणि मग दिसेनाशी झाली.

संध्याकाळी सगळ्यांना सोडलं. सुपेल्यातला फलक तोवर कंपनीनं घाईघाईनं उतरवला होता आणि तिथं सिमेंटची जाहिरात लागली होती. दिल्लीत कुणीतरी प्रश्न विचारला, कुणीतरी उत्तर दिलं, आणि विषय संपला. कंपनीनं हिशेब चुकता करून बायकांना मोकळं केलं. कौस्तुभचा फोन आला, व्हिडिओ काढून टाका म्हणजे बघता येईल. हिरानं त्याला पूर्ण बोलूही दिलं नाही.

तिनं काही जणींना घेऊन दुर्गच्या कामगार न्यायालयात दावा लावला. रुआबांध्याच्या एका मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम धरलं आणि पेशीच्या, म्हणजे कोर्टाच्या तारखेच्या, दिवशी सुट्टी घ्यायला लागली. पहिल्या पेशीला नऊ जणी आल्या. दुसरीला चार. राधाबाई एकदाही नाही.

म्हणून एका रविवारी हिरा बसनं तिच्या गावी गेली. राधाबाई अंगणात धान पाखडत होती. तिनं बसायला सांगितलं नाही. हिरा उभीच राहिली आणि राधाबाई बोलत सुटली. गावातली ती दुसरी बाई अंगणवाडीत कशी खुर्चीवर बसते, आपण खाणीवर चुनखडी कशी उपसतो, रात्री हाताची आग कशी होते, आणि हे सारं कुणामुळं. सूप रिकामं झालं तसं राधाबाईनं ते जमिनीवर आपटलं.

“पेशी कब हे?” तिनं विचारलं.

त्या पेशीला राधाबाई एकटी आली नाही. खाणीवरच्या रोजीला दांडी मारून तिनं युनिटात असलेल्या अहिवाऱ्याकडच्या सगळ्या बायका बसमध्ये भरून आणल्या. कोर्टाच्या खोलीत उभं राहायला जागा उरली नाही.

कंपनीच्या वकिलानं उठून सांगितलं की ज्या कंपनीवर दावा आहे ती विलीनीकरणामुळं आता अस्तित्वातच नाही, आणि नवीन कंपनीनं या बायकांना कधी कामावर ठेवलंच नव्हतं. तेव्हा उत्तर कुणी द्यायचं हा कायद्याचा प्रश्न आहे, मुदत मिळावी.

हिरा आपल्या वकिलाची वाट न बघता उभी राहिली. “साब, ये बताइए, सरकार का पैसा किस कंपनी ने रखा? जो मर गई उसने, या जो ज़िंदा है उसने?”

“बैठिए,” न्यायाधीश म्हणाले. ती बसली नाही. मागून राधाबाई उठली, मग सगळ्याच उठून उभ्या राहिल्या. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि वकिलाकडं पाहिलं.

“सवाल का जवाब लिखित में दीजिए. अगली तारीख़ पर. उसके बाद मोहलत नहीं मिलेगी.”

एवढंच झालं. पायऱ्या उतरताना तो वकील हिराजवळ येऊन हिंदीत समजुतीच्या सुरात म्हणाला की दरवेळी इतकी गर्दी आणायची गरज नाही, खोली लहान आहे, त्रास होतो.

“आज आद्ध्याच आल्या,” हिरा त्याच्याकडं न बघता मराठीतच म्हणाली. “पुढच्या तारखेले सगळ्या आनतो.”