पायांतून उतरणारं विष

सभागृहात पन्नासेक माणसं चपला काढून बसली होती. मधोमध प्लॅस्टिकचा टब, त्यात मिठाचं कोमट पाणी आणि पाण्यात माझ्या सात वर्षांच्या नातीची पावलं. शेजारी जाळीची एक डबी सोडलेली, तिची वायर बॅटरीला. दहा मिनिटांत पाणी तांबूस झालं, मग काळपट. लोक माना उंचावून बघू लागले.

"विष चढतं कुठे? डोक्यात," टबमहाराज म्हणाले. "आणि उतरतं? खाली. खाली काय असतं, ताई? पाय. आपली भाषाच सांगते, मी कोण सांगणारा?"

सुनेने डोळे पुसले. नातीच्या रक्तात शिसं सापडलं होतं. घरात रंगीत झिलईचा मातीचा एक जग होता, उभट भांडं; त्यात लिंबाचं सरबत दिवसभर राहायचं आणि आंबटाने झिलईतलं शिसं त्यात सुटायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तो जग फेका, पोरीला दवाखान्यात दाखल करा. पण सुई म्हटली की पोर थरथरायची. टबात पाय सोडले की हसायची.

मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. विष उतरणं म्हणजे त्याचा अंमल कमी होणं. ते काही जिना उतरत नाही. पहिल्याच दिवशी हे खटकलं होतं. पण चारचौघांत माझी जीभ टाळ्याला चिकटते. शिवाय वाटलं, शब्दांपलीकडचं आपल्याला काय कळतं?

तीन आठवडे गेले. विष रोज निघतंय म्हटल्यावर कपाटात ठेवलेला जगही पुन्हा ओट्यावर आला.

"आवडतं हो तिला, बाबा," सून म्हणाली. "संध्याकाळी जातंच आहे ना निघून."

मी मान डोलावली.

आम्ही दवाखान्यात फिरकलो नाही म्हणून डॉक्टरीणबाई थेट सभागृहात आल्या.

"महाराज, एक टब बिनपायांचा लावा."

"पायच नाहीत तर विष कुठून येणार, बाई?"

"तेच बघू."

महाराज घुटमळले, तेव्हा बाईंनीच बटण दाबलं. दहा मिनिटांत पाणी तसंच काळपट.

"मग हे विष कुणाचं गं?" एका आजींनी विचारलं.

"टबाचंच. हलकं वाटत असेल बिचाऱ्याला," मागून कुणीतरी म्हणालं.

बाईंनी डबी उघडली. आत झिजलेल्या दोन लोखंडी पट्ट्या. "मिठाच्या पाण्यात वीज सोडली की लोखंड गंजतं. हा गंज आहे. शिसं आतड्यातून रक्तात शिरतं, मुलांच्या तर मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं. बाहेर पडतं ते मुख्यतः लघवीवाटे, थोडं शौचावाटे, तेही फार हळू. तळव्यांतून नाही."

"पण मी रोज बघत होते हो, निघताना," सून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, वेणी घालताना, नातीला आकडीचा झटका आला.

ती वाचली. औषधाने रक्तातलं बरंच शिसं लघवीतून गेलं. हाडांतलं अजून आहे. मेंदूची जी हानी झाली ती भरून येणार नाही. पूर्वी ती मला दुकानांच्या पाट्या वाचून दाखवायची. आता पुस्तकावर बोट ठेवून विचारते, "आजोबा, हे कुठलं अक्षर?" मी सांगतो. पान उलटून ती तेच अक्षर पुन्हा विचारते. स्वयंपाकघरात सून नळ मोठा सोडते.

त्या टबाने तिच्यातून काहीही काढलं नाही. उपचाराचे तीन आठवडे तेवढे नेले आणि ते नेऊ देणाऱ्यांत मी होतो.

असा टब तुमच्या गल्लीत आला तर म्हणा, आधी पायांशिवाय लावून दाखवा. आवाज कापला तरी म्हणा.