कर्ण्यात राहिलेलं नाव

आज मला कोणी तोंड लावलेलं नाही, तरी मी बोलतोय. मी कर्णा. सभेतला विजेवरचा नव्हे हो, साधा पत्र्याचा. बारीक टोकाला तोंड लावायचं आणि रुंद टोकातून आवाज गावभर. जन्मभर माझ्यातून दुसराच बोलला. आता पुलगावात हिरालालच्या किराणा दुकानात मी खिळ्याला लटकलेला असतो आणि हिरालाल मला नरसाळं म्हणतो. नरसाळं! पिशवीत माझं टोक खुपसतो आणि वरून तुरीची डाळ ओततो. राग येतो मला, पण पत्र्याच्या रागाला विचारतो कोण?

माझा जन्म एकाहत्तरच्या सुमाराचा. स्टेशनकडच्या रस्त्यावर भैयाजी बसायचा, पत्र्याचे डबे, चाळण्या, कंदील असलं काय काय करायचा. वनस्पती तुपाचा रिकामा डबा कापून त्याने मला घडवलं. डब्यावरचं ताडाचं झाड अर्धं अजून माझ्या अंगावर आहे, वरचं अर्धं कात्रीत गेलं. घडवून झाल्यावर त्याने मला तोंडाला लावलं आणि ओरडला, "ओ चायवाले!" रस्त्याच्या पार टोकाचा चहावाला केटली घेऊन धावत आला. भैयाजी म्हणाला, "झालं काम. घेऊन जाजा वासुदेवराव."

वासुदेवराव माझे मालक. कापडाच्या दुकानात गजाने कापड मोजायचे. माणूस सरळ, पण आवाज एवढासा. भाव सांगितला की गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, "का म्हंता?" घरी शकुबाई म्हणायच्या, "तुमचं बोलणं ऐकाले मले फोडणी थांबवा लागते." घरात दोघंच, मुलगी सुमित्रा लग्न होऊन पिपरी मेघ्याला गेलेली. अशा माणसाला जगात एकाच गोष्टीचं वेड होतं, बास्केटबॉलचं. स्वतः कधी खेळले नाहीत हो! धाप लागायची. पण गावच्या मंडळाचा संघ मैदानात उतरला की हे रेघेच्या बाहेर पहिले हजर. मातीचं मैदान, फक्कीने मारलेल्या रेघा, दोन टोकांना लोखंडी खांब आणि त्यावर फळ्या. त्या धुळीत त्यांचा जीव अडकलेला.

मी आलो आणि वासुदेवरावांना आवाज फुटला. काय आवाज फुटला म्हणता! "लक्ष्मणले दे! डावीकून जाय! अबे, मागं पाह्य, मागं!" माझा पत्रा थरथरायचा. मला खरं सांगायचं तर फार आवडायचं. दिवसभर दबून बसलेला माणूस माझ्यात सगळा रिकामा व्हायचा.

लक्ष्मणराव म्हणजे तेव्हाचा आमचा कप्तान, उंचापुरा गडी. त्या दिवसांत आमच्या संघाच्या लढती जास्त करून गावाजवळच्या लष्करी डेपोतल्या जवानांशी व्हायच्या. ते कोण पंजाबचे, कोण गढवालचे, कोण मद्रासकडचे. खेळायला वाघ! पण वऱ्हाडी? एक अक्षर कळत नसे. वासुदेवराव रेघेबाहेरून बघायचे की कोण मोकळा आहे, आणि माझ्यातून सांगायचे. आमच्या पोरांना कळे, त्यांना फक्त गोंगाट ऐकू येई. असे किती सामने जिंकले आम्ही! सामना संपला की जवान हसत हात मिळवायचे, चहा पाजायचे आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ये भोंपू ही आपका छठा खिलाड़ी है." वासुदेवराव लाजून लाल. मला मात्र बिलकुल लाज वाटली नाही, मी ताठ.

मग तो संघ फुटला. फुटला म्हणजे भांडून नव्हे. लक्ष्मणरावाची नोकरी नागपूरला लागली, एकजण भिलाईला गेला, एकाचं लग्न झालं आणि दुकान त्याच्या गळ्यात पडलं. सत्त्याहत्तर साली पाहतो तर मैदानात सगळी नवी पोरं. मिसरूड फुटलेली, बॉल हातात आला की घाबरणारी. कप्तान ओमप्रकाश, एका व्यापाऱ्याचा मुलगा, हात चांगला पण डोकं गरम. आणि सगळ्यात लहानखोरा रूपराव, नाचणगावाकडच्या शेतकऱ्याच्या घरचा. त्याला सगळे रूप्या म्हणत. त्याच्या हातात बॉल द्यायला त्याचेच सोबती बिचकायचे.

हरले हो हरले! देवळीशी हरले, आर्वीशी हरले, हिंगणघाटशी तर असे हरले की रेफरीलाही कीव आली. वासुदेवरावांचा घसा बसायचा. "अबे, पास दे ना बे! काऊन उभा राह्यला बह्याडासारखा? ओमप्रकाशले दे!" पण दिलेला पास दर वेळी दुसऱ्याच्याच हातात जायचा. घरी येऊन ते मला खुंटीला अडकवायचे आणि तणतणायचे, "याहिच्यात दमच नाई. लक्ष्मणच्या टायमाले असं नोतं." शकुबाई ताट वाढत विचारायच्या, "मग कायले जाता?" हे म्हणायचे, "पोरं कोवळी आहेत ना. पुढच्या वर्षी पाहजो तू." शकुबाई हसायच्या. "तुमचं पुढचं वर्ष कवा येते ते मलेही सांगजा."

शकुबाईंच्या आयुष्यात ते आलं नाही. ऐंशीच्या उन्हाळ्यात काविळीचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. सुमित्रा दिवस करून सासरी परतली. त्या घरात मग फक्त वासुदेवराव, स्टोव्ह आणि खुंटीवर मी. ते बोलेनासेच झाले. दुकानातून यायचे, भात लावायचे, जेवून घ्यायचे. त्यांचा आवाज ऐकायला मला सामन्याची वाट बघावी लागे. सामना असला की मात्र माणूस सकाळपासून वेगळाच. मला चिंचेच्या पाण्याने घासायचे, अर्धं ताडाचं झाड चकचकीत करायचे. त्यांचं म्हणून एवढंच उरलं होतं.

आणि तेच घ्यायला एका रविवारी ओमप्रकाश दारात उभा राहिला.

चप्पल काढून आत आला, पाणी प्यायला, रुमालाने मान पुसली. मग एकदम म्हणाला, "काका, राग नका येऊ देजा. तुमचं बोलणं आमच्या आधी त्याहिलेच समजते."

"कोणाले?"

"समोरच्यायले. तुम्ही म्हंता ओमप्रकाशले दे, अन् बॉल निघाच्या आंधी दोघंजण माह्या अंगावर येऊन बसते."

वासुदेवराव म्हणाले, "लक्ष्मणच्या टायमाले तं असंच सांगत होतो मी."

"तवा समोर पंजाबी अन् मद्रासी होते काका. आता हिंगणघाटचे पोट्टे आहेत. त्याहिची मायही वऱ्हाडीच बोलते."

मी खुंटीवर होतो, मला वाटलं गळून पडतो की काय. इतकी साधी गोष्ट, आणि ती ना मालकाला सुचली, ना मला. चार वर्षं आम्ही दोघं घसा फोडून आमच्याच लेकरांना हरवत होतो!

"म्हणजे मी येऊ नोको," वासुदेवराव म्हणाले. विचारलंही नाही, नुसतं म्हणाले.

"नाई नाई काका, येजा ना. तुम्ही नसलं तं कसं वाटीन? फक्त तो कर्णा…" त्याने माझ्याकडे पाहिलं. बरं पोरगं होतं ते, डोळे भरले होते त्याचे. "आमचं ठरलं आहे. कर्णा काहीही म्हणो, जो मोकळा दिसन त्याले बॉल द्याचा. पण त्याहिचे कान तं बंद नाई करता येत ना."

"बरं," वासुदेवराव म्हणाले. ओमप्रकाश गेल्यावर त्यांनी भात लावलाच नाही.

पुढचा सामना हिंगणघाटशीच होता, आपल्याच मैदानावर. मला वाटलं, आता मी घरीच राहणार. पण त्यांनी मला घासलं, दुपट्ट्याचा बोळा करून माझ्या तोंडात कोंबला आणि काखेत धरून निघाले. मैदानात नेहमीच्या जागी बसले नाहीत. खांबामागे लोकांच्या मागे जाऊन बसले. कोणी विचारलं, "का हो वासुदेवराव, आज गाडी बंद?" तर म्हणाले, "घसा धरला आहे."

आणि काय सांगू, पोरं खेळली! मला दुपट्ट्यातून धड दिसेना, पण मालकाचा हात सांगत होता. बास्केट पडली की बोटं माझ्या पत्र्यात रुतायची. ओठ हलायचे, आवाज नाही. आजूबाजूचे ओरडत होते, शिट्ट्या मारत होते, आणि सगळ्या गावात ज्याला सगळ्यांत जास्त ओरडायचं होतं तो एकटा मुका बसला होता. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर घडत होतं, आणि घडत होतं ते त्यांच्यावाचून. त्यांना आनंद झाला होता, खोटं सांगणार नाही. पण हात थंडगार पडले होते.

शेवटी शेवटी एका गुणाने आपण मागे. शिट्टी झाली. बॉल बाजूच्या रेघेवरून आपल्याला टाकायचा होता. वेळ उरली होती एका पासापुरती. ओमप्रकाशला एकाने जखडून धरलेलं. रूप्या रिंगखाली, त्याच्यावरही एकजण.

वासुदेवराव उभे राहिले. काय वाटलं असेल ते असो, त्यांनी दुपट्टा ओढून काढला आणि मला नुसतं वर उचललं. त्याबरोबर हिंगणघाटच्या दोघातिघांनी माना वळवल्या. सवय हो, चार वर्षांची सवय! त्या माना मालकाने पाहिल्या.

मग त्यांनी मला तोंडाशी नेलं. आधी ते माझ्यात अगदी हळू बोलले. मुळातच एवढासा आवाज, त्यात कुजबुज. माझ्या बाहेर गेलीच नाही ती. "रूप्या, राह्य बाप्पा तठीच. तुलेच येते."

आणि लगेच छाती भरून ओरडले, "ओमप्रकाशले दे! ओमप्रकाशले!"

रूप्यावरचा गडी त्याला सोडून ओमप्रकाशकडे धावला. बॉल टाकणाऱ्या आपल्या पोराने ठरल्याप्रमाणे कर्ण्याकडे दुर्लक्ष केलं आणि मोकळा दिसला त्याच्याकडे बॉल फेकला. रूप्याने दोन्ही हातांनी वर टाकला. बॉल रिंगवर एकदा आपटला, थबकला आणि आत पडला.

मैदान दणाणलं. पोरांनी रूप्याला खांद्यावर घेतलं, धूळ उडाली, कोणाची टोपी गेली, कोणाची चप्पल. आमच्या शेजारचा एकजण मात्र मालकावर उखडला, "काय हो बुढेबुवा, गप बसाचं सोडून! घातच केलता ना तुम्ही पोट्ट्याहिचा!" थोड्या वेळाने ओमप्रकाश घामाघूम धावत आला, पाया पडला आणि हसत म्हणाला, "काका, शेवटी नाईच राह्यवलं ना तुमच्यानं?"

मी आतून ओरडत होतो, सांगा की! सांगा त्याला! मालकाने दुपट्टा झटकून खांद्यावर टाकला. म्हणाले, "नाई राह्यवलं बा. चुकलंच माह्यं."

पोरं वाजतगाजत बाजाराकडे गेली. आम्ही दोघं घरी आलो. दिवेलागण झाली होती. मला खुंटीला अडकवून ते चुलीजवळच्या शकुबाईंच्या रिकाम्या पाटासमोर बसले. "जिंकले बा," म्हणाले. "आलं एकदाचं पुढचं वर्ष." मग म्हणाले, "सांगतलं असतं तं त्याहिले वाटलं असतं, बुढ्यानं जिंकवलं. पहिल्यांदा जिंकली लेकरं. त्याहिचंच राहू दे."

त्यानंतर त्यांनी मला तोंड लावलं नाही. पोरं जिंकायला शिकली, मैदानात विजेचा भोंगा आला, गुण सांगायला माणूस बसायला लागला. वासुदेवराव मागे खांबाजवळ बसून पाहायचे. गुडघे गेले, तेव्हा सुमित्रा त्यांना पिपरी मेघ्याला घेऊन गेली. निघताना त्यांनी मला हातात घेतलं होतं. ती म्हणाली, "बाबा, तठी याचं काय काम?" ते म्हणाले, "हाव, काय काम?" आणि मला शेजारच्या हिरालालच्या हाती दिलं. त्यांच्या बोटांची पकड मी ओळखतो. सोडताना ती जरा रेंगाळली होती. पुढच्या हिवाळ्यात ते गेल्याचं कळलं. मी दुकानात होतो. हिरालाल डाळ ओतता ओतता कोणाला तरी सांगत होता, तेवढ्यावरच कळलं.

परवा ओमप्रकाश दुकानात आला. पोट सुटलंय आता, सोबत त्याची पोरगी होती. माझ्यावरचं अर्धं झाड पाहून ओरडलाच, "अरे! हा तं काकाचा कर्णा!" मला खिळ्यावरून काढलं, धूळ फुंकली आणि पोरीला गोष्ट सांगितली. पहिला जिंकलेला सामना, एक गुण मागे, आणि ऐन वेळी काका कसे चुकले, तरी आम्ही कसे जिंकलो. किती प्रेमाने सांगत होता, पण सगळी उलटी! मग मला तोंडाला लावून हसत ओरडला, "ओमप्रकाशले दे!" पोरगी टाळ्या वाजवायला लागली. हिरालालही हसला. मी परत खिळ्यावर.

राग नाही आला मला. एकटं मात्र फार वाटलं. मालकाने ठेवायला दिलेली गोष्ट आहे ती, मी होऊन सांगणार नव्हतो. पण माझा टाका आता सुटत चालला आहे, हिरालाल नवं प्लास्टिकचं नरसाळं आणायचं म्हणतो. म्हणून तुम्हाला सांगितलं. कधी पुलगावात आलात आणि त्या आधी मी भंगारात गेलो नसलो, तर एवढं करा. मला तोंड सगळ्यांनीच लावलं. तुम्ही कान लावा. डाळीचा भुसा झटका आणि बारीक टोकाशी कान लावा. तिथे एक एवढासा आवाज अजून आहे, बाहेर न गेलेला. "रूप्या, राह्य बाप्पा तठीच. तुलेच येते."