पाकाचं पातेलं

सून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली, तशी सासूबाईंनी पिठाच्या डब्यामागचं छोटं पातेलं बाहेर काढलं. साखर घातली, वर जरासं पाणी शिंपडलं आणि गॅस मोठा केला. एक कान जिन्याकडे. साखर विरघळली, पिवळी झाली, तांबूस झाली. तो पाक त्यांनी परातीतल्या गोळ्यावर ओतला आणि बोटं पोळत असतानाही घाईघाईनं मळून टाकला.

एवढ्याशा पाकानं काय होतंय, असं त्या दर वेळी स्वतःला सांगत. आजही सांगितलं. पातेल्यावर नुसतं पाणी फिरवलं. घासलं असतं तर वर आवाज गेला असता. तळाशी जळक्या साखरेचा काळा थर धरला होता. तो तसाच ठेवून पातेलं पुन्हा डब्यामागे गेलं.

गोळा सुनेच्या हिशेबाचा होता. प्रोटीनची पावडर, भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, नावाला खजूर, वर कडू चॉकलेटचा थर. साखर अजिबात नाही. सासऱ्यांचा आवडता चॉकलेटचा बार लाल कागदातला, आत तार सुटणारं कॅरॅमल आणि अख्खे शेंगदाणे. जन्मभर लोकांना गाडी शिकवली त्यांनी, गल्लीत सगळे गाडीमास्तर म्हणत. शिकवणी संपली की अर्धा बार शिकणाऱ्याला, अर्धा स्वतःला. मग मधुमेह निघाला. मग ब्रेकवरच्या पायाच्या अंगठ्याला बूट लागला आणि ती जखम काही भरेना.

"बाबा, मी घरीच करते तसा बार," सून म्हणाली होती. "जखम भरायला प्रोटीन लागतं. पथ्यही पाळलं जाईल, जीभही रुसणार नाही."

"वजनमापं तू कर हवी तेवढी," सासूबाई म्हणाल्या होत्या. "मळणार मी. माझा हात लागल्याशिवाय या ओट्यावरून काही खाली उतरलेलं नाही."

पहिल्या खेपेला मास्तरांनी तो तुकडा बराच वेळ चावला.

"औषध म्हणून चांगलं आहे," ते म्हणाले.

सून खळखळून हसली. शेजारीण बसलेली होती, तिनंही तुकडा मोडून तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. "अगं बाई! तुमच्या हातचं, आणि असं?"

सासूबाईंचं फडकं ओट्यावरून बराच वेळ फिरत राहिलं.

दुसऱ्या खेपेपासून पाक पडू लागला. त्या दिवशी मास्तरांनी पहिला घास घेतला, क्षणभर थांबले, दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "वा! आता जमलं."

"हात लागतो त्याला," सासूबाई म्हणाल्या. शेजारणीच्या खिडकीपर्यंत पोचेल अशा आवाजात.

सुनेला शेंगदाणे सोसत नसत, त्यामुळे तिनं स्वतः कधी चाखून पाहिलं नाही. "खरंच आई," ती भाबडेपणानं म्हणाली, "सामान तेच, पण तुमच्या हाताची गोष्टच वेगळी."

पुढच्या तपासणीला दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, अंगठा दाबून पाहिला आणि रक्ताचा कागद उचलला.

"साखर उतरायची सोडून चढलीय. खातात काय हे?"

सुनेनं सगळं सांगितलं. सांगताना तिचा चेहरा उजळला होता. घरचा बार, साखर नाही, प्रोटीन भरपूर.

"घरी केलं म्हणजे पथ्याचं होत नाही. मोजून घालता की अंदाजपंचे?"

"मोजून घालते."

"मग काय साखर आभाळातून पडली? शिकल्यासवरल्या मुली तुम्ही. कुठेतरी काहीतरी बघता आणि पेशंटवर करून मोकळ्या होता." डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर टाकला. "असंच चाललं तर हा अंगठा काढावा लागेल. कळतंय का?"

सुनेचे कान लाल झाले. "माझंच काहीतरी चुकत असेल," ती पुटपुटली.

सासूबाईंच्या मांडीवर पर्स होती. तिची कडी त्या उघडत होत्या, मिटत होत्या. भाजीवाल्यापासून व्याह्यांपर्यंत कुणाला एका शब्दाची उसनवारी न ठेवणारी त्यांची जीभ टाळूला चिकटून बसली होती. आता बोलावं, आता बोलावं, असं करता करता कडी पुन्हा मिटली.

"तिला बोलू नका, डॉक्टर," मास्तर म्हणाले. "मी चोरून खातो. लाल कागदातला. गाडीत ठेवलेले असतात."

मग डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना घेतलं फैलावर. या वयात, लाज कशी वाटत नाही, पोरीला फुकट बोल ऐकायला लावलेत. मास्तर शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून ऐकत राहिले. शेजारी सासूबाईंचीही मान खाली होती. बघणाऱ्याला वाटलं असतं, नवऱ्यापायी बिचारी खजील झाली.

परतताना सून गाडी चालवत होती. मास्तरांनीच तिला शिकवलेली. गिअर दोनदा खरखरला. एरवी ते "क्लच, क्लच" म्हणून ओरडले असते. आज खिडकीबाहेर बघत राहिले.

दारात पोचल्यावर सून म्हणाली, "बाबा, माझा विश्वास होता तुमच्यावर." ती गाडीकडे वळली. "तुम्ही आत जा. मी गाडीतले सगळे काढून फेकणार आहे."

आत मास्तर खुर्चीवर बसले आणि पट्टीवरून हळूहळू मोजा काढू लागले. सासूबाई वाकून मदत करायला गेल्या, पण हात मध्येच थांबला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच घासाला."

"मग खाल्लंत कशाला? थुंकायचं होतंत! पाय तुमचा होता ना?"

मास्तरांनी मोज्याची नीट घडी घातली.

"तू दारात उभी होतीस," ते म्हणाले.

बाहेर गाडीची दारं उघडत होती, आपटत होती. डिकीही उघडली. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही. सून आत आली तेव्हा तिचे हात रिकामे होते.

"बाबा, गाडीत काहीच नाही. एक कागदसुद्धा नाही."

"संपले असतील," मास्तर म्हणाले.

सून कधी त्यांच्याकडे बघे, कधी सासूबाईंकडे.

"गाडीत नाही सापडायचं," सासूबाई म्हणाल्या. "इकडे ये."

स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी पिठाचा डबा बाजूला सरकवला. पातेलं ओट्यावर ठेवलं, तळ दिसेल असं. साखरेचा डबा काढून त्याच्या शेजारी ठेवला. मग पदरानं हात पुसत राहिल्या, हात कोरडेच असताना.

सुनेनं पातेल्यात बोट घातलं. काळा थर नखानं खरवडला. तिच्या तोंडावर पुन्हा तोच दवाखान्यातला लाल रंग चढला. सासूबाई शब्दांची वाट बघत उभ्या राहिल्या. एखादा तरी यायला हवा होता.

सुनेनं पातेलं मोरीत ठेवलं आणि नळ सोडला.

"भिजू दे," ती म्हणाली. "संध्याकाळी घासते मी."

सासूबाईंनी नळ बंद केला. पदर खोचला. या घरात सून आल्यापासून त्यांनी एकही भांडं घासलं नव्हतं. काथ्या कुठे असतो, तेही त्यांना विचारावं लागलं.