क्रमांक चारशे सतरा

घरात त्यांना सगळे लेबलराव म्हणत, अर्थात पाठीमागे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या भांडारात तीस वर्षं काढून हा गृहस्थ निवृत्त झाला तो लेबलांचा रोल काखेत मारूनच घरी आला. डब्यांवर लेबलं, चाव्यांवर लेबलं, दिव्यांच्या बटणांवर लेबलं. बायकोच्या पाठीवर तेवढं चिकटवायचं राहिलं होतं, आणि तीही जरा सावधच असे.

सासूबाईंच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला सगळ्यांच्या फोनमधले तुकडे जोडून एक व्हिडिओ करायचं ठरलं, तेव्हा लेबलरावांनी ते काम मागून घेतलं. मागून म्हणजे हिसकावून. इंटरनेटवरच व्हिडिओ जोडता येतील असं सॉफ्टवेअर शोधलं, त्यात सर्वांसाठी एक लायब्ररी उघडली आणि घरच्या ग्रुपवर अकरा कलमांचं परिपत्रक सोडलं. कलम सात: अपलोड होताच मूळ फाइल फोनमधून काढून टाकावी. एकच वस्तू दोन ठिकाणी असली की साठ्याचा घोळ होतो. मग त्यांनी ग्रुप म्यूट केला. परिपत्रकाला उत्तर द्यायचं नसतं, अशी त्यांची श्रद्धा होती.

फाइली आल्या सहाशे बारा. एकट्या साडूंनी नव्या गाडीचे एकोणतीस व्हिडिओ टाकले होते. त्यातल्या एकात मागे सासूबाई होत्या, अर्ध्या.

भांडाराची पद्धत अशी, की आलेल्या मालावर आधी क्रमांक, मग तपासणी, मग वर्गवारी. लोकांनी फाइलींना ‘आई हसतेय’, ‘आई पुन्हा हसतेय’ अशी नावं दिली होती. ती सगळी पुसून लेबलरावांनी एक ते सहाशे बारा आकडे घातले. फोल्डर केले: समारंभ, प्रवास, नातेवाईक मुख्य, नातेवाईक दुय्यम, बाद. तपासणी स्पीकर बंद ठेवून. बडबड ऐकत बसलं तर काम कधी उरकणार?

क्रमांक चारशे सतरा उघडला तर चाळीस सेकंद नुसता काळोख. कुणाच्या तरी खिशात फोन चालू राहिलेला दिसत होता. ‘काय एकेक नग आहेत,’ असं पुटपुटत त्यांनी तो ‘बाद’मध्ये ढकलला आणि त्याच दुपारी ‘बाद’ रिकामा केला. कायमचं काढायचं का, परत मिळणार नाही, असं सॉफ्टवेअरने विचारलं. तीस वर्षांत त्यांना दुसऱ्यांदा विचारायची कुणाची हिंमत झाली नव्हती. त्यांनी जोरात बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या मेहुणीचा फोन आला.

“भाऊजी, बाबांचा आवाज अगदी शेवटी लावा हं. ग्रुपवर लिहिलं होतं मी.”

“कसला आवाज?”

“अहो, तो काळा व्हिडिओ. माझ्या खिशात चुकून सुरू झाला होता. बाबा चष्मा शोधतायत आणि आई म्हणतेय, डोक्यावर आहे तुमच्या. कॅमेरा दिसला की पळायचे ना बाबा. त्यांचा तेवढाच आवाज उरलाय आपल्याकडे. आईला सांगितलंय मी. रोज विचारतेय.”

लेबलरावांनी घाईने ‘बाद’ उघडून पाहिला; रिकामाच होता. “मूळ फाइल आहे ना तुझ्याकडे?”

“कलम सात,” मेहुणी हसली. “तुमचा धाक काही कमी आहे का?”

इथे माणसाने खरं सांगून टाकावं. लेबलराव म्हणाले, “लावतो.”

मग दोन दिवस त्यांनी लायब्ररीचा कोपरा न् कोपरा उपसला. सॉफ्टवेअरवाल्यांना तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं, फाइल गेली आहे, मोकळ्या झालेल्या जागेचा आनंद घ्या. शेवटी त्यांनी व्हिडिओच्या शेपटीला चाळीस सेकंदांचा काळा पडदा जोडला. पाहायला अगदी तसाच. सासूबाईंना ऐकू कमी येतं, या एका गोष्टीवर त्यांनी सगळी भिस्त ठेवली, आणि तसा विचार केल्याची त्यांना लाजही वाटली. थोडी.

वाढदिवसाला सासूबाई टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसल्या. कानातल्या यंत्रात त्यांनी सकाळीच नवी बॅटरी घालून घेतली होती. विभाग एक, समारंभ. विभाग दोन, प्रवास. ‘नातेवाईक दुय्यम’ अशी पाटी आल्यावर साडूंनी घसा खाकरला. सासूबाई कशालाच हसल्या नाहीत. त्या शेवटाची वाट बघत होत्या.

पडदा काळा झाला. सासूबाई पुढे वाकल्या. यंत्रावर बोट ठेवून त्यांनी ते कानात नीट बसवलं.

“जावईबापू, आवाज जरा मोठा करा.”

लेबलरावांनी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.

“अजून थोडा.”

त्यांनी अजून वाढवला. टीव्ही नुसता घुमायला लागला. मेहुणी पडद्याकडे बघायची थांबली आणि त्यांच्याकडे बघू लागली. तिला कळलं होतं.

“आई,” लेबलराव म्हणाले. “ते माझ्या हातून पुसलं गेलं. मी ऐकलंच नव्हतं.”

सासूबाईंनी पडद्यावरची नजर काढली नाही. हातानेच त्यांना गप्प केलं.

“तुम्ही नका बोलू मध्ये,” त्या म्हणाल्या. “ते बोलतील आता.”