चौथा प्लग

"चांगली चालती गाडी कशाला खोलून राह्यले?" साळूबाईंनी ओसरीवरून विचारलं. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी!"

तातेरावांनी मान वर केली नाही. कापसाच्या जिनिंगच्या मालकाची जीप हाकण्यात उमर गेली आणि आता ते घरी बसले होते. बसत मात्र नव्हते. नोकरी सुटताना मालकाने ती जुनी लष्करी जीप त्यांनाच देऊन टाकली. तेव्हापासून परतूरच्या त्या अंगणात दर रविवारी जीपला काही ना काही दुखणं निघायचं. तिला नव्हे, तातेरावांना निघायचं, असं साळूबाईंचं म्हणणं.

आज दोन वर्षांनी प्लग बदलायची पाळी होती. नवे चार प्लग आणून ठेवले होते. तीन जुने सहज निघाले. चौथा हटून बसला. तातेरावांनी पाना लावला, पाय रोवले आणि हिसका दिला. कट्‌कन प्लगचा वरचा पांढरा भाग तुटला, आतली दांडी निखळली. लोखंडी बूड मात्र इंजिनात जिथल्या तिथे राहिलं.

नेमका तेव्हाच शिवाजी फाटकातून आत आला. साळूबाईंच्या माहेरचा, पिंपळगाव रेणुकाईचा चुलत भाचा. पहाटेच निघून जालन्याहून सकाळच्या रेल्वेने आलेला.

"आत्याबाई, रखमाजीकाकाचं काई खरं न्हाई. रातीपासून तुमचंच नाव घेऊन राह्यले. जल्दी चला."

रखमाजी म्हणजे साळूबाईंचा थोरला भाऊ. आईबाप गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं, त्यानेच उजवलं. साळूबाई रडल्या नाहीत. आत गेल्या, लुगडं बदललं, पिशवी घेतली आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. समोर बोनेट उघडं, जुने प्लग फळीवर पडलेले, आणि ही बाई पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन तयार.

तातेरावांनी मनात हिशेब केला. जालन्याकडची रेल्वे आता संध्याकाळी. एस्टीने जालना, भोकरदन करत जायचं तर रात्रच होणार. जीप धड असती तर दुपारी पोचता आलं असतं. पण त्या फुटक्या बुडातून सगळा जोर वाऱ्यावर जाणार, गाडी गावाबाहेरसुद्धा निघायची नाही. आणि ती खोलायला सांगितलं होतं कुणी? हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं त्यांनी.

"येळ लागंल का हो?"

"न्हाई न्हाई. झालंच."

झालं काहीच नव्हतं. त्यांनी पेट्रोलची नळी काढून बाजूला बांधली. चुलीत गज लाल करून तो बुडाला टेकवला. ते गार झाल्यावर घासलेट ओतलं. घासलेट मुरायला वेळ द्यावा लागतो, आणि थांबणं या माणसाला जन्मात जमलं नव्हतं. ते जीपभोवती फिरले. बसले, उठले. फाटकापर्यंत जाऊन आले. दोनदा पाना उचलला आणि दोनदा खाली ठेवला. आता घाई केली आणि बूडच फुटलं तर सगळंच संपलं. साळूबाई सीटवरून त्यांच्याकडे नुसत्या बघत होत्या. त्या ओरडल्या असत्या तर तातेरावांना बरं वाटलं असतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्यांनी पान्याला लांब नळी अडकवली आणि डोळे मिटून हळूहळू जोर दिला. किर्रर्र झालं. बूड फिरलं.

बाहेर आलं ते आट्यांमध्ये पिवळा चिकट थर घेऊनच. तातेरावांना लगेच उमगलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी असते. हळद-तूप चोळून खांदे ऊन पाण्याने शेकतात. यांच्या दारात बैल नव्हते. म्हणून कुणब्याची ही लेक दरवर्षी बोनेट उघडून जीपचीच खांदमळणी करायची. इंजिनावर ओतलेलं पाणी उतरून मागच्या खळग्यात साचायचं, चौथ्या प्लगभोवती; त्यानेच तो गंजून बसला होता. तातेराव हसायचे आणि करू द्यायचे.

साळूबाई खाली उतरून पाठीशी उभ्या होत्या.

"ही हळद माझीच का हो?"

"छ्या! गंज असाच ऱ्हातो. बस तू गाडीत."

त्यांनी ते बूड शेणखईत भिरकावलं, नवे प्लग भराभरा बसवले आणि जीप सुरू केली. मागे शिवाजी झोपेने डुलत होता. तातेरावांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, तिथे गेल्या गेल्या सांगायचं: उशीर माझ्यापायी झाला. मी गाडी खोलून बसलो.

रखमाजींच्या दारापुढे माणसं उकिडवी बसली होती. बाजूला हिरवे बांबू आणून टाकले होते. रखमाजींची बायको कांताबाई धावत आली आणि साळूबाईंच्या गळ्यात पडली.

"वन्सं, घडीभर आधी गेले हो! शेवटपर्यंत दाराकडं बघून राह्यले. म्या तर तांबडं फुटायच्या आधी शिवाजीला धाडलं व्हतं. कुठं अडकल्या तुम्ही?"

तातेराव पुढे झाले. "वहिनी, गाडी..."

"गाडी तयारच व्हती," साळूबाई म्हणाल्या. "माझंच मेलीचं आवरंना. लुगडं सापडंना, पिशवी सापडंना. हे बिचारे कवाचे खोळंबले व्हते माझ्यासाठी."

शिवाजी जमिनीकडे बघत राहिला. कांताबाईंनी डोळे पुसले आणि तातेरावांकडे पाहिलं.

तातेरावांनी कोपरापर्यंत काळे झालेले हात हळूच पाठीमागे नेले.